वेशीच्या आतला रस्ता कुणाचा?

बीड शहरात 'अतिक्रमण' म्हटलं की डोळ्यांसमोर हातगाडी येते. केळीवाला, चपला शिवणारा, रमजानमध्ये खजुराचा ठेला लावणारा. मोहीम निघते, जेसीबी येतो, ठेले उचलले जातात. मग त्याच मोकळ्या जागेत मोटारसायकली उभ्या राहतात. पायी चालणारा मात्र होता तिथेच, गटाराच्या कडेला. त्याची जागा कुणी घेतली, हा प्रश्न अतिक्रमणाच्या फाइलीत येत नाही. माझ्या मते हा इतिहासाचा प्रश्न आहे. रस्त्यावर आधी कोण होतं हे ठरल्याशिवाय अतिक्रमण कुणाचं, हे कसं ठरणार?

कोतवाली वेस, राजुरी वेस, माळीवेस ही नावं आज आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो. पण वेस म्हणजे गावाचा दरवाजा, आणि त्या दरवाजाचं माप माणूस, बैल आणि घोडा यांच्या हिशेबाचं होतं. निजामशाहीच्या काळात सलाबत खानाने इथे खजाना विहीर बांधली, पुढे जहांगीराच्या काळात जामा मशीद उभी राहिली. अजान ऐकून वुजू करून निघालेला माणूस जमातीला पायी पोहोचला पाहिजे, अशा अंतरावर जुने मोहल्ले वसत. जुनं बीड पावलांनी मोजलेलं शहर आहे. त्या गल्ल्या अरुंद आहेत अशी तक्रार आपण करतो. चालणाऱ्याला त्या कधीच अरुंद नव्हत्या, गाडी आल्यावर त्या अरुंद झाल्या.

कोतवाली वेशीच्या नावात जो हुद्दा आहे, त्याची कामं अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवली आहेत. चोर पकडणं आणि बाजारभावावर नजर ठेवणं यांच्याबरोबरच रस्ते मोकळे ठेवणं आणि तिथे घाण होऊ न देणं हेही कोतवालाचं काम होतं. त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, बगदादचा न्यायशास्त्री अल-मावर्दी मुहतसिबाची कर्तव्यं सांगतो. लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर कुणी बांधकाम केलं तर वाट रुंद असली तरी ते पाडायला लावावं, मग ते बांधकाम मशिदीचं का असेना, असा त्याचा दंडक आहे. कारणही तो साधं देतो: रस्ता जाण्यायेण्यासाठी असतो, बांधण्यासाठी नाही. वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, ही हदीस तर आपल्याकडे मक्तबमधल्या मुलांनाही पाठ असते. रस्त्याचा हक्क ही कल्पना आपल्याला परकी नाही.

पण जुना रस्ता सगळ्यांचा होता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. कोणी कोणत्या आळीतून जायचं, हे जात ठरवत होती. त्रावणकोरमध्ये वैकोमच्या महादेव मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्यांना चालण्याची बंदी होती. मंदिरात जाण्याचा प्रश्न पुढचा, आधी रस्त्याने चालू द्या, म्हणून मार्च १९२४ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. तो वीस महिने चालला आणि शेवटी चारपैकी तीन रस्ते सर्वांना खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांसोबत हजारो माणसं चवदार तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा त्या चालण्यातही हाच दावा होता की सार्वजनिक जागा सर्वांची आहे. आपल्या देशात रस्त्याने निर्धास्त चालणं हा हक्क लोकांनी लढून मिळवला आहे.

मोटारीने हा हक्क दुसऱ्या वाटेने काढून घेतला. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्ता ओलांडणाऱ्यासाठी 'जेवॉकर' ही जवळजवळ शिवीच रूढ झाली. गावंढळ, शहरात कसं चालावं हे न कळणारा, असा तिचा रोख. बघता बघता दोष धडक देणाऱ्याकडून चालणाऱ्याकडे सरकला. आपल्याकडेही अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, 'तो मधे कशाला आला?' नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप 'मुलांचे खून थांबवा' या नावाने रस्त्यावर उतरले. आज जगभर कौतुक होतं त्या डच रस्त्यांमागे या चळवळीचा मोठा वाटा आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे साधारण एक जण नुसता चालत होता.

बीडवर हा भार जास्त पडला. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणाला ती मिळाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरची गाडी सुरू झाली तेव्हा. तोपर्यंत माणूस, माल, ऊस, दवाखान्याची धावपळ सगळं रस्त्यावरच होतं. बायपास होईपर्यंत सोलापूर-धुळे महामार्गाची वाहतूकही शहराच्या पोटातून जायची. रस्ता म्हणजे वाहनांची वाट, हे समीकरण त्या काळात आपल्या डोक्यात पक्कं झालं आणि बायपास झाल्यावरही ते निघालं नाही.

मग लहान गावातल्या माणसाने करायचं काय? मध्य प्रदेशातल्या रतलामचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथल्या एका वॉर्डातले रहिवासी उघड्या गटारांना कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने ठरवलं की तिजोरी रिकामी आहे हे कर्तव्य टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. ज्या कलमाखाली ते लोक गेले ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३ होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ आहे आणि सार्वजनिक वाटेवरचा बेकायदा अडथळाही त्यात येतो.

पुण्यात 'पेडेस्ट्रियन्स फर्स्ट'सारख्या नागरिकांच्या गटांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता एक दिवस फक्त चालणाऱ्यांना दिला गेला. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. फूटपाथ किती रुंद असावा, हेही इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलं आहे: चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा, म्हणजे जेमतेम सहा फूट.

या लढाईत हातगाडीवाल्याला शत्रू करण्याची चूक आपण करू नये. तो स्वतः पायीच असतो आणि त्याचं गिऱ्हाईकही पायीच येतं. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात नगर विक्रेता समिती आहे, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावे लागतात. ठेला कुठे आणि चालायची जागा कुठे, हे त्या समितीत एकत्र बसून ठरवता येतं. जेसीबीने ते आजवर ठरलेलं नाही.

आणि आपण स्वतः? जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या, लग्नाचा भर रस्त्यात घातलेला मांडव, घरासमोर वाढवलेली पायरी. अल-मावर्दीने मशिदीलाही सूट दिली नव्हती, मग आपल्या पायरीला ती कुठून मिळणार? ही शिस्त आपल्या मोहल्ल्यात आपणच लावली, तर दुसऱ्याकडे हक्क मागताना आवाज खाली जाणार नाही.

बीडच्या लोकांना मागणी करता येत नाही असं कुणी म्हणू नये. २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली, आणि त्याच्या आधीही आणि नंतरही निवेदनं, मोर्चे, उपोषणं चालूच होती. एक पिढी त्यात म्हातारी झाली, पण मागणी सुटली नाही. तेवढ्याच चिकाटीने आता सहा फूट मागू या. सुरुवात एका शाळेच्या रस्त्यापासून करू. शाळा सुटायच्या वेळी मुलं कुठून चालतात, कुठे गाडीखाली येता येता वाचतात, ते आठवडाभर वहीत लिहू. त्या वहीवर मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या, ठेलेवाल्यांच्याही, सह्या घेऊ आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे कलम १५२ खाली अर्ज देऊ. त्या सहा फुटांतून सातवीतली मुलगी कुणाचाही हात न धरता घरी जाऊ शकली पाहिजे.