आठांविरुद्ध एक : ज्यूरी, जनमत आणि अनाम असहमती

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण न्यायनिवाड्याचे नैतिक अधिष्ठान समूहाच्या एकवाक्यतेत शोधते. पाचांतील एकाने वेगळे मत दिले तर परमेश्वर कोणाच्या मुखी, हा प्रश्न मात्र तिच्या कक्षेत येत नाही. ज्यूरीपद्धतीच्या भारतीय इतिहासाने हा प्रश्न उपस्थित केला. परंतु त्याचे उत्तर कायद्याने आणि जनमताने दोन भिन्न दिशांनी दिले.

१९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना सात युरोपियन ज्यूरीसदस्यांनी दोषी, तर दोन पारशी सदस्यांनी निर्दोष ठरविले. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी बहुमत स्वीकारून सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. या खटल्याच्या अपिलासाठी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे इंग्लंडला गेले, त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या राजकीय स्मृतीतही तो निकाल रुजलेला आहे. टिळकांनी ज्यूरीच्या निर्णयापलीकडच्या उच्चतर शक्तीचा निर्देश केला, तेव्हा परमेश्वर बहुमताच्या मुखातून काढून घेतला गेला, असे म्हणता येईल. ‘सात विरुद्ध दोन’ या प्रमाणातील ‘दोन’ राष्ट्रीय कथनात सन्मानाने सामावले गेले. कारण न्यायालयातील हे अल्पमत न्यायालयाबाहेर बहुमत होते.

याच्या नेमकी उलट स्थिती अर्ध्या शतकानंतर उद्भवली. अकोला-अमरावती ज्या द्वैभाषिक मुंबई राज्यात तेव्हा समाविष्ट होते, त्याच्या राजधानीत १९५९ साली नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर प्रेम आहुजा यांच्या खुनाचा खटला चालला. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०२ खालील हा आरोप देहदंडास पात्र होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नानावटींना निर्दोष ठरविले. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू आवेशाने लढविली होती. विश्वासघात झालेला, स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झालेला शूर अधिकारी ही प्रतिमा निकालापूर्वीच सिद्ध झाली होती. त्या प्रतिमेत नवव्या सदस्याला जागा नव्हती.

सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी निकाल विपरीत ठरवून १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ अन्वये प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये नानावटींना जन्मठेप सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. म्हणजे त्या एकट्या सदस्याचा निष्कर्ष दोन श्रेष्ठ न्यायालयांच्या निष्कर्षाशी जुळला. तरीही त्याला द्रष्टेपणाचा मान मिळाला नाही. रोष आणि सहानुभूती यांच्या त्या वादळात तो केवळ एक अंक म्हणून उरला.

या विस्मृतीचे एक कारण कायद्याच्या रचनेतच होते. रेजिनाल्ड रोझ यांच्या १९५४ च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये एकटा सदस्य अकरांना थोपवू शकतो, कारण तेथे एकमत अनिवार्य आहे. भारतात सत्र न्यायालयात ज्यूरीचे बहुमत ग्राह्य होते; उच्च न्यायालयात नऊपैकी सहांचे मत आणि न्यायाधीशांची सहमती पुरेशी होती. येथील एकट्याजवळ मत होते, अडविण्याची शक्ती नव्हती. बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ १९८६ साली आला, तेव्हा १९७३ च्या नव्या संहितेने ज्यूरीच निकालात काढली होती. अर्थात ज्या एकमताच्या अटीवर त्या कथेचे नाट्य उभे आहे, ती अट १८९८ च्या संहितेने घातलीच नव्हती. आयात झालेला हा नायक प्रेक्षकांना आपला वाटला. प्रत्यक्ष इतिहासातील नववा सदस्य मात्र परकाच राहिला. नानावटी प्रकरणाशी नाते सांगणाऱ्या ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३) आणि ‘अचानक’ (१९७३) या चित्रपटांच्याही केंद्रस्थानी विश्वासघात झालेला पतीच आहे.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. एकट्याचे मत प्राण वाचविते तेव्हा कथनशास्त्र त्याला सहज नायकत्व बहाल करते. तेच मत लोकप्रिय आरोपीला दोषी ठरविते, तेव्हा त्याच विवेकाला हट्ट किंवा कठोरपणा म्हटले जाते. विवेकाचे मोल अशा प्रकारे त्याच्या परिणामावरून ठरत असेल, तर ‘एकाकी विवेक’ ही साहित्यप्रिय कल्पना मुळात किती स्वायत्त आहे, याची चिकित्सा करावी लागते. फाशीच्या छायेतील खटल्यात तर ती अधिकच निकडीची होते. कारण तेथे दयेला आणि सत्याला एकाच मतदानात उत्तर द्यावे लागते.

नानावटी खटल्याने ज्यूरी संपविली, हा सार्वत्रिक समजही याच कथनमोहाचा भाग आहे. विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ सालीच, म्हणजे त्या गोळीबाराआधी, ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली होती. जनमानसाला मात्र संस्थेच्या अंतासाठी एक नाट्यमय घटना हवी होती. ती मिळाली आणि आठांचा निर्णय दंतकथा झाला. नवव्याचे नाव कोठे सापडते, हा शोध येथे गौण आहे. आपल्या साहित्याने बहुमताविरुद्धचा कोणता एकटा स्वीकारला आणि कोणता नाकारला, याचा हिशेब मांडणे हे समीक्षेचे काम आहे. आणि तो हिशेब अद्याप अपुरा आहे.