मागें सरण्यास जागा नसतां

यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंब हें गांव लागतें. येथील चिंतामणीचें देऊळ इतर देवळांप्रमाणें उंच चौथऱ्यावर उभें नाहीं. तें जमिनीच्या पातळीखालीं आहे. भाविकास पायऱ्या उतरून देवाजवळ जावें लागतें. समोरच्या कुंडाचें पाणी ठराविक वर्षांनीं वाढून देवाच्या चरणांस लागतें, अशी लोकांची श्रद्धा आहे. उघड्या माळावरील शिखराचें चित्र घेणारा मनुष्य दहा पावलें मागें सरतो आणि सारें शिखर चौकटींत बसवितो. येथें मागें सरूं म्हटलें तर पाठ भिंतीला लागते. वर चढावें तर देव दृष्टीआड होतो. अशा जागीं कॅमेऱ्यास कोणतें भिंग लावावें, हा प्रश्न वरवर पाहतां हौशी माणसाच्या खरेदीचा वाटतो. परंतु त्यामागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि अशा वास्तूंची कोणती आठवण पुढील पिढ्यांच्या हातीं पडेल, हेंहि पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

छायाचित्रणाची विद्या आमच्याकडे लौकरच आली. दागेर याची कृति पॅरिसमध्यें १८३९ सालीं जाहीर झाली आणि १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीच्या छायाचित्रकारांपैकीं होत. इकडे वऱ्हाडच्या सीमेलगत अजिंठ्यास रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर होता. पुढें त्यानें कॅमेराहि हातीं घेतला, आणि डोळ्यांस खोली भासविणारीं त्याचीं जोडचित्रें फर्ग्युसन याच्या मजकुरासह १८६४ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून गिलनें रंगविलेल्या बहुतेक नकला जळाल्या. छायाचित्रें मात्र उरलीं. एखाद्या वास्तूची स्मृति कशाच्या आधारें टिकेल हें आधीं सांगतां येत नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

लेणें असो, देऊळ असो वा वाड्याचा चौक असो, आंतल्या जागेंत काम करणाऱ्यास साध्या भिंगाचा कोन अपुरा पडे. तो वाढवूं गेल्यास कडेचें चित्र अंधुक होई आणि सरळ रेषा वांकत. अमेरिकेंत हॅरिसन व श्निट्झर यांनीं १८६२ सालीं पेटंट घेतलेलें ‘ग्लोब’ भिंग आणि जर्मनींतील बुश याचें १८६५ चें ‘पँटोस्कोप’ यांनीं ही मर्यादा बरीच मागें सारली. १९०० सालीं गॉर्त्स कंपनीनें ‘हायपरगॉन’ काढलें. त्याचा कोन सुमारें १३५ अंशांचा होता. पण चित्राच्या मध्यावर प्रकाशाचा पूर आणि कडेस काळोख अशी त्याची अवस्था होई. त्यावर योजलेला उपाय मोठा गमतीचा आहे. भिंगापुढें चांदणीच्या आकाराचें एक पातें बसविलेलें असे. रबरी फुगा दाबून हवेच्या झोतानें तें गरगर फिरवीत, म्हणजे मध्यावरचा प्रकाश अडे. मग तें बाजूस सारून उरलेला अवधि पुरा करीत. हीं सारीं साधनें तिपाईवरील अवजड पेटीसाठीं होतीं. त्यांचा उपयोग मुख्यतः अडचणीच्या जागेंतून सुटण्यापुरता असे.

ही स्थिति हातांत मावणाऱ्या कॅमेऱ्यानें बदलली. ऑस्कर बार्नाक याच्या कल्पनेंतून निघालेला ‘लायका’ १९२५ सालीं लाइप्झिगच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आला. त्याचें चित्र अवघें ३६ × २४ मिलिमीटरचें. १९३० पासून त्याचें भिंग बदलतां येऊं लागलें, आणि त्याच सुमारास ३५ मिलिमीटरचें ‘एल्मार’ मिळूं लागलें. १९३२ सालीं लायका व काँटॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत भिंगाशीं जोडलेला अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर, आला. लहानशा खिडकींतून पाहतां एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवून त्या एकमेकींत मिळविल्या कीं अंतर जुळलें. १९३५ सालीं २८ मिलिमीटरचें ‘हेक्टर’ आलें, आणि १९५४ सालीं लुडविग बर्टेले यानें रचिलेलें २१ मिलिमीटरचें ‘बायोगॉन’. या जातीच्या कॅमेऱ्यांत आरसा नसल्यामुळें भिंगाचा मागचा भाग फिल्मच्या अगदीं जवळ नेतां येतो, आणि विशाल कोनाच्या भिंगास हीच गोष्ट मानवते. फिल्मच्या जागीं विद्युत्-पटल आल्यावर मात्र हाच गुण अडचणीचा ठरला, कारण कडेस फार तिरपे पडणारे किरण तें पटल नीट झेलीना.

आतां निवडीकडे वळूं. भिंगाचें नाभ्यंतर जितकें कमी, तितका कोन मोठा. दहा फुटांवरील भिंतीची आडवी रुंदी ५० मिलिमीटरच्या भिंगांत सुमारें ७ फूट मावते. ३५ च्या भिंगांत १० फूट, २८ च्या भिंगांत १३ फूट आणि २१ च्या भिंगांत १७ फूट. हा लाभ फुकटचा नाहीं. प्रकाशाच्या साध्या नियमानें चित्राच्या कोपऱ्यांत मध्याच्या मानानें ३५ मध्यें निम्मा, २८ मध्यें दोन-पंचमांश आणि २१ मध्यें पाव भागाहूनहि थोडा कमी प्रकाश पोंचतो. रचनेच्या कौशल्यानें ही तूट कांहीं अंशीं भरून निघते, पण पुरती नाहींशी होत नाहीं. कॅमेरा जरा वर वा खालीं कलला कीं उभे खांब एकमेकांकडे झुकतात. शिवाय या कॅमेऱ्यांत आपण भिंगांतून पाहत नाहीं, शेजारच्या खिडकींतून पाहतों; आणि ती खिडकी फार विशाल कोन दाखवूं शकत नाहीं. १९५४ च्या लायकांत ५० च्या खालची चौकटच नव्हती; ३५ ची चौकट पुढच्या नमुन्यांत १९५७ च्या सुमारास आली. २१ च्या भिंगासाठीं माथ्यावर निराळा दृश्यशोधक बसवावा लागतो.

देवळाच्या अंधुक प्रकाशांत अंतरमापकाचा मोठा आधार असतो. शेंदराच्या लेपानें गुळगुळीत झालेल्या मूर्तीवर त्याच्या दोन प्रतिमा जुळवूं नयेत. त्याच अंतरावरील चौकटीची वा समईची धार घ्यावी. २८ चें भिंग ८ या छिद्रांकावर ११ फुटांस जुळविलें तर साडेपांच फुटांपासून पुढचें सारें स्पष्ट येतें.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट याहून निराळी आहे. जवळचें मोठें आणि दूरचें लहान दिसतें, तें आपण कोठें उभे आहों यावरून ठरतें. खांब तीन फुटांवर आणि तितक्याच उंचीचें गाभाऱ्याचें दार पंधरा फुटांवर असेल, तर दार खांबाच्या एक-पंचमांशच दिसणार. विशाल कोनाचें भिंग आपणांस खांबाला खेटून उभें राहूं देतें, म्हणून लहानसा मंडप राजसभेसारखा भासतो. उद्यां जीर्णोद्धार होऊन जुना मंडप गेला, तर तें चित्र पाहणारा या भासालाच इतिहास समजेल.

ही भीति काल्पनिक नाहीं. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’ ही अडीच फुटी रुळांची गाडी विदर्भांतील कित्येक पिढ्यांच्या परिचयाची. तिचें वाफेचें इंजिन १९९४ सालीं गेलें. पुढें गाडीहि बंद पडली. तिच्या चिंचोळ्या डब्यांत प्रवासी किती दाटीनें बसत, हें यापुढें चित्रांनाच सांगावें लागणार. तोच डबा २१ च्या भिंगानें टिपला तर प्रशस्त दिवाणखाना वाटेल.

आणि वास्तूंपुरतेंच तरी कां बोलावें? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें या जिल्ह्यांतील एकखणी घरांपर्यंत बाहेरचे कॅमेरे पोंचले. दारांतूनच विशाल कोनाचें भिंग रोखलें, तर उंबरठा अवाढव्य होतो, घर पोकळ दिसतें आणि कोपऱ्यांत बसलेली बाई बाहुलीएवढी होते. चौकटीच्या कडेला असलेल्याचा चेहरा ताणला जातो. त्याच घरांत परवानगीनें जाऊन, खालीं बसून, ३५ च्या भिंगानें सहा फुटांवरून घेतलेल्या चित्रांत ती बाई माणसाएवढी असते, आणि भिंत, चूल व फडताळहि तिच्याबरोबर येतात.

म्हणून आमचें मत असें कीं, ज्यास एकच भिंग घ्यावयाचें आहे त्यानें ३५ चें घ्यावें. कळंबसारख्या जागेसाठीं २८ चें जवळ असावें, कॅमेरा पाण्याच्या पातळीसारखा सम धरावा, आणि २१ कडे दुसरा इलाज उरला नाहीं म्हणजेच वळावें. चित्रामागें तारखेबरोबर भिंगाचें नाभ्यंतर व उभें राहण्याचें स्थळ लिहून ठेवावें, आणि एका खांबाची उंची फुटांत मोजून नोंदवावी. एवढी एक ओळ असली, तर पन्नास वर्षांनीं तें चित्र हातीं घेणाऱ्याला मंडप खरोखर केवढा होता हें काढतां येईल. चिंतामणीपुढें मागें सरण्यास जागा नाहीं हें खरें. पण आपण कोठें उभे होतों हें प्रामाणिकपणें सांगण्यास तेथें पुरेशी जागा आहे.