छ मोहरम : दफ्तरातला महिना, घरातला महिना

इस्लामी कालगणनेतील बारा महिन्यांपैकी चार महिने पवित्र आहेत, असे कुराणाच्या नवव्या सूरेत म्हटले आहे. ते चार कोणते हे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या उक्ती आणि आचरण यांच्या नोंदींत, सांगितले आहे : जिल्काद, जिल्हेज व मोहरम हे लागोपाठचे तीन आणि एकटा पडलेला रज्जब. या महिन्यांत अरबस्तानातील टोळ्यांनी शस्त्र उचलू नये, असा संकेत इस्लामपूर्व काळापासून होता आणि ‘मोहरम’ या शब्दाचा अर्थच ‘निषिद्ध’ असा आहे. मात्र लढाईच्या सोयीने पवित्र महिना पुढे ढकलण्याची एक जुनी युक्तीही होती, तिला ‘नसी’ म्हणत. त्याच सूरेतील पुढच्या आयतीने ती निषिद्ध ठरवली. तेव्हापासून हिजरी वर्ष निखळ चांद्र, सुमारे 354 दिवसांचे राहिले. ते दरवर्षी ऋतूंच्या मागे दहा-अकरा दिवसांनी सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून एक फेरी पुरी करते.

त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्री ही गोष्ट चटकन लक्षात येते, कारण तेथील वर्षही चंद्राच्याच कलांवर चालते, पण त्याला अधिक मासाचे टेकू दिलेले असतात. अडीच-पावणेतीन वर्षांनी येणारा हा धोंड्याचा महिना नसता, तर संत निवृत्तिनाथांची पौष वद्य एकादशीची यात्रा कधी थंडीत, कधी भर पावसात भरली असती आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी उन्हाच्या तडाख्यात सापडली असती. एकाच चंद्राकडे पाहणाऱ्या या दोन गणिती रीतींपैकी एकीने ऋतूंची संगत राखली आणि दुसरीने ती सोडून दिली.

या दोन्ही रीती मराठी दफ्तरात मात्र शतकानुशतके एकाच कागदावर नांदल्या. पेशवेकालीन मोडी पत्रात मित्तीपुढे ‘छ’ हे अक्षर येते. ते ‘चंद्र’ या शब्दाचा संक्षेप असून त्यापुढे इस्लामी महिन्याची तारीख लिहिलेली असते. मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रज्जब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज ही मराठी जिभेवर घोटून गुळगुळीत झालेली नावे कारकुनांना चैत्र-वैशाखाइतकीच पाठ असत. वर्ष मात्र हिजरी नव्हे, तर शुहूर, म्हणजे मृग नक्षत्राला सुरू होणारे सौर वर्ष, कारण सारावसुली पिकावर अवलंबून असते आणि पीक चंद्राचे ऐकत नाही. या सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन मिळतो. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराच्या आजच्या मंदिराचे काम 1755च्या अखेरीस सुरू केले. ते वर्ष या हिशेबाने ‘सीत खमसैन मया व अलफ’, म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार मिळून 1156, असे उच्चारले जाई. ज्योतिर्लिंगाच्या बांधकामाचा काळ मोजताना अरबी अंक आणि अरबी महिने वापरण्यात त्या काळच्या कोणत्याही शास्त्रीबुवांना विसंगती वाटली नसावी.

महिन्याचे नाव असे कागदावर आले, तरी त्याच्या पालनाची वाट वेगळी होती. मोहरमच्या उपासनेचा मूळ गाभा उपवासाचा आहे. रमजाननंतरचे सर्वांत श्रेष्ठ रोजे याच महिन्यातले, असे हदीसमध्ये आहे. महिन्याच्या दहाव्या दिवसाला ‘आशुरा’ म्हणतात. हजरत मूसा आणि त्यांच्या लोकांची फिरौनाच्या तावडीतून सुटका झाली म्हणून मदिनेतील यहुदी त्या दिवशी उपवास करीत, तो प्रेषितांनी स्वतः धरला व अनुयायांनाही धरण्यास सांगितले. रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाल्यावर तो ऐच्छिक राहिला. त्याच्या जोडीला नववीचाही रोजा धरण्याची प्रथा आहे. पहाटेपूर्वी खाणे आटोपून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या माणसाचा रोजा शेजाऱ्यालाही कळत नाही; तो नियतीवर, म्हणजे मनातल्या संकल्पावर, उभा असतो, आणि ज्याच्यासाठी धरला त्याच्याखेरीज त्याला दुसरा साक्षीदार लागत नाही.

याच दिवशी, हिजरी 61 मध्ये, म्हणजे 10 ऑक्टोबर 680 रोजी, प्रेषितांचे नातू इमाम हुसेन कर्बल्याच्या रणात मारले गेले. शस्त्र वर्ज्य असलेल्या महिन्यात हे घडले, ही त्या शोकाची आणखी एक धार होय. (पावित्र्याने शस्त्रे आपोआप म्यान होत नाहीत, याचा अनुभव त्र्यंबकलाही आहे : 1789च्या सिंहस्थात स्नानाच्या मानावरून संन्यासी आणि बैरागी यांच्यात रक्तपात झाला आणि पुढे शैवांचे स्नान त्र्यंबकला, वैष्णवांचे नाशिकला अशी विभागणी रूढ झाली.)

दख्खनमध्ये या शोकाला राजाश्रय मिळाला तो निजामशाहीत. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली 1537च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला, आणि त्र्यंबकचा किल्ला 1636 पर्यंत याच राज्यात होता. राज्य बुडाले, तरी पंजे, म्हणजे इमामांची धातूची निशाणे, त्यांच्या सवाऱ्या, म्हणजे मिरवणुका, आणि आशुराच्या आदली ‘कत्तलची रात’ दख्खनच्या अंगवळणी पडून गेली. नगरच्या बारा इमाम कोठल्यातून निघणाऱ्या सवाऱ्या आणि सांगली जिल्ह्यातील कडेगावचे गगनचुंबी ताबूत आजही प्रसिद्ध आहेत. कडेगावच्या ताबुतांत हिंदू घराण्यांचाही मान आहे. ‘ताबूत’ हा शब्द मुळात शवपेटीचा. इथे तो कामट्या आणि रंगीत कागद यांनी घडवलेल्या इमामांच्या मजारीच्या प्रतिकृतीला लागला. नाशिकला तर सारडा सर्कलजवळच्या इमामशाही दर्ग्यात अळिवाचा ताबूत होतो. अळिवाचे दाणे पाणी लागताच बुळबुळीत होऊन जिथल्या तिथे चिकटून बसतात आणि चार-सहा दिवसांत त्यांना बोटभर कोंब फुटतात, त्यामुळे सांगाडा हिरवागार दिसू लागतो. नवस फेडणारे त्यात हिंदूही, मुसलमानही. 1893च्या मुंबईतील दंगलीनंतर आणि 1894 पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आल्यावर पुण्यातला हिंदूंचा ताबुतांतील सहभाग झपाट्याने ओसरला. गावोगावी तो बराच टिकला.

ताबुतांचा इतिहास लिहिता येतो, कारण मिरवणुकीला रस्ता लागतो, परवानगी लागते, मानपान लागतात आणि या सगळ्यांचे कागद होतात. नववी-दहावीच्या रोजाचा कागद होत नाही. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात मोहरम म्हणजे ढोल, डोले (ताबूत) आणि चोंगे (गोड पोळ्या) एवढेच उरले, आणि उपासनेचा महिना इतिहासलेखनातून जवळजवळ निसटला. हा दोष श्रद्धाळूंचा नव्हे, साधनांचा आहे. श्रावणातल्या गर्दीचे आकडे छापून येतात, सोमवारी घरी उपास धरणाऱ्या बाईची नोंद तिथेही होत नाही.

2018, 2019 आणि 2020 या तिन्ही वर्षी मोहरम भाद्रपदात, गणेशचतुर्थीच्या आगेमागे लागला. 2020 मध्ये अधिक आश्विन आला आणि मराठी वर्ष एका महिन्याने पुढे सरकले, म्हणून 2021चा मोहरम श्रावणात पडला. 20 ऑगस्टला आशुरा आणि 23 ऑगस्टला तिसरा श्रावणी सोमवार होता. करोनाच्या निर्बंधांमुळे त्या वर्षी त्र्यंबकेश्वराचे दार भाविकांसाठी बंद होते, ब्रह्मगिरीच्या फेरीला मनाई होती, आणि मोहरम साधेपणाने घरीच पाळावा, असे सरकारने सांगितले होते. त्या आठवड्यात रस्त्यावर काहीच नव्हते; रोजा सूर्यास्ताला सुटला, सोमवारचा उपास संध्याकाळी सुटला.