एम. ए.चे ऐच्छिक विषय

1913 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर विभागच नव्हता. एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या या तरुणाला कोलंबियात एकदम मोकळे रान मिळाले. तिथे मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या विभागांचे विषय निवडता येत. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले. शिवाय इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 आणि राज्यशास्त्राचे 3. फ्रेंच आणि जर्मनची तोंडओळख वेगळीच.

1915 मध्ये एम. ए. झाले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहून. सार्वजनिक वित्ताचे मोठे जाणकार एडविन सेलिग्मन तिथे शिकवत होते, त्यामुळे हा विषय निवडला जाणे स्वाभाविकच. पण त्या वर्षांतले सर्वांत दूरवर पोचलेले लेखन मुख्य विषयातले नव्हतेच. मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. आज तो समाजशास्त्राचे विद्यार्थी वाचतात, आणि तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जोडविषयाच्या वर्गात सादर केला होता हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

लंडनचा साचा निराळा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सगळा भर प्रबंधावर. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, गाठीला बांधलेले थोडे पैसे, शाहू महाराजांची मदत, आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन. पुढच्याच वर्षी एम. एस्सी., 1923 मध्ये डी. एस्सी. रुपयावरच्या त्यांच्या पुस्तकाला एडविन कॅनन यांनी प्रस्तावना दिली, आणि तीत आपले मतभेदही बिनदिक्कत नोंदवले. गुरूने मतभेदासह पाठ थोपटावी, हे आपल्याकडच्या मार्गदर्शकांना आजही जरा जडच जाते.

दरम्यान मुंबई विद्यापीठात हालचाल सुरू झाली होती. 1919 मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. 1921 मध्ये अर्थशास्त्राची धुरा के. टी. शहांकडे गेली, 1930 मध्ये सी. एन. वकिलांकडे. दोघेही लंडन स्कूलमध्ये शिकलेले, त्यामुळे चलन, कर आणि व्यापार यांचे वजन या विभागात मोठे. एम. एल. दांतवाला इथेच घडले. 1965 मध्ये ते कृषी मूल्य आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. 1956 मध्ये वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी एकत्र पुस्तक लिहून महालनोबिस यांच्या अवजड उद्योगांच्या योजनेला उघड आव्हान दिले. कामगाराला आधी धान्य आणि कापड पुरवा, असे त्यांचे म्हणणे होते.

पुण्याने दुसरी वाट धरली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीवर भारत सेवक समाजाने 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था काढली. संचालक धनंजयराव गाडगीळ केंब्रिजहून एम. लिट. होऊन आलेले, तिथला त्यांचा भारतातील औद्योगिक उत्क्रांतीवरचा प्रबंध पुढे पुस्तकरूपाने गाजला. असा माणूस चलनविनिमयावर व्याख्याने देत बसला असता तर कोणी नवल केले नसते. संस्थेने मात्र 1933 मध्ये पुण्याच्या फळबाजाराची पाहणी छापली. पाठोपाठ वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब आला, मग खुद्द पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी. दारोदार जाऊन प्रश्नावली भरायची, उत्तरे ताडून पाहायची, मग कोष्टक मांडायचे, अशी ही शिस्त होती. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे भारतातील दारिद्र्यावरचे 1971 मधले काम याच संस्थेतले. माणशी रोज 2,250 कॅलरींची त्यांची कसोटी वर्षानुवर्षे चर्चेत राहिली.

महाविद्यालयांमध्ये मात्र एम. ए. म्हणजे भाग एक, भाग दोन आणि ठरलेले पेपर असत. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र अनिवार्य. शेती, कामगार, बँकिंग, लोकसंख्या यांतून निवड करायची. ही निवडही पुष्कळदा नावापुरतीच, कारण कॉलेजात ज्या विषयाचे प्राध्यापक असतील तोच ऐच्छिक विषय. नोकरी सांभाळून बहिःस्थ परीक्षा देणाऱ्यांना तेवढाही वर्ग मिळाला नाही. त्यांचे गुरू म्हणजे बाजारातली गाइडे.

2023-24 पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर आराखडा बदलला. त्यात संशोधनपद्धतीचा विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रप्रकल्प आणि संशोधन प्रकल्प यांना जागा आहे. कागदावर हा आराखडा गाडगीळांच्या पुण्याच्या बराच जवळ जातो. मात्र तालुक्याच्या कॉलेजात तीस-चाळीस मुलांचे प्रकल्प एकट्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडले, तर किती मुले खरोखर बाजारात जाऊन भाव विचारतील आणि किती जण गेल्या वर्षीच्या प्रकल्पावर नवे मुखपृष्ठ चढवतील, हे त्या प्राध्यापकाच्या वेळापत्रकावर ठरेल.