मानधन
मानधन : लोकपदावर काम करणाऱ्याला मोबदला म्हणून नव्हे, तर त्या पदाचा मान म्हणून दिली जाणारी रक्कम. पगार चाकराला आणि मानधन मानकऱ्याला, अशी त्यामागची समजूत. प्रत्यक्ष वापर मात्र इतका सरळ नाही. सरपंचाला मिळते ते मानधन, खासदाराला कायद्याने मिळते ते वेतन, आणि दिवसभर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकेलाही पुन्हा मानधनच. एकाच शब्दाने एकीकडे मान राखला जातो, तर दुसरीकडे पगार टाळला जातो. पुढाऱ्याने घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात की भाजणावळ घ्यावी, हा वाद या शब्दाच्या पोटात आहे.

वाद जुना आहे. प्लेटोच्या मते चांगली माणसे पैशासाठी किंवा मानासाठी सत्ता घेत नाहीत. आपल्यापेक्षा हलक्या माणसाच्या हाताखाली राहावे लागेल या भीतीने घेतात. त्याच्याच अथेन्सने व्यवहार वेगळा ठेवला होता. पेरिक्लीझच्या काळापासून न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकांना दिवसाचा भत्ता मिळे, आणि इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लोकसभेला हजर राहण्याचाही मिळू लागला. रोजगार बुडवून येणाऱ्याला त्याशिवाय राज्यकारभारात बसणे परवडत नव्हते. कौटिल्याने कर्तव्याची भाषा फारशी केलीच नाही. मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज यांना ४८,००० पण, अगदी तळच्या सेवकाला ६० पण, अशी उतरंड अर्थशास्त्रात आहे, आणि कारणही रोखठोक : एवढे मिळाले की माणूस फितूर होत नाही. पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसे अधिकाऱ्याचे पैसे खाणे कळत नाही, हे निरीक्षणही त्याच ग्रंथातले.

महाराष्ट्रात हा प्रश्न वतनाच्या रूपाने आला. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांना पगार नव्हता. जमीन, हक्क आणि मानपान होते. पद, उत्पन्न आणि प्रतिष्ठा यांची मोट बांधून ती वंशपरंपरेने दिलेली, त्यामुळे वतनदार राजाचा चाकर कमी आणि गावचा धनी जास्त. शिवाजी महाराजांचा कल याच्या उलट, रोख वेतनाकडे होता. अष्टप्रधानांत पेशव्याला सालिना १५,००० होन, अमात्याला १२,००० आणि इतरांना १०,००० होन, अशी नेमणूक सांगितली जाते. ज्याचे पोट सरकारी खजिन्यावर, त्याची निष्ठाही तिथेच, हा त्यातला हिशेब. राजारामांच्या धामधुमीच्या काळात खजिना रिता झाल्यावर वतने आणि सरंजाम पुन्हा वाटले गेले, आणि तो हिशेब मोडला. वतनाची दुसरी बाजू गावकुसाबाहेर होती. महार वतनात ‘कर्तव्य’ अमर्याद आणि मोबदला नाममात्र होता; म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. विनामोबदला सेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे प्रकरण डोळ्यांआड करू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात या वादाला वेगळे, आणि खरे तर फार हृद्य, वळण मिळाले. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर काम करायचे असा दंडक होता. वेतन दरमहा ७५ रुपये. पुढे प्रश्न निघाला की शिकवून उरलेला वेळ कोणाचा? टिळकांचे म्हणणे, आजीव सदस्याने स्वतःला पूर्णपणे वाहून घेतले आहे, बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत या व्रतात बसत नाही. आगरकर, गोखले यांच्या बाजूला ते जाचक वाटले : संसार आहे, तुटपुंजे वेतन आहे, आणि सार्वजनिक कामही आहेच. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. गंमत अशी की व्रताचा आग्रह धरणाऱ्या टिळकांना पुढे चरितार्थासाठी कायद्याचे वर्ग चालवावे लागले, लातूरच्या सरकी काढण्याच्या कारखान्यात भागीदारी करावी लागली. आणि ज्यांच्याशी मतभेद झाले त्या गोखल्यांनी १९०२ पर्यंत आपली मुदत पुरी करून १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. त्याच्या सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, समाज देईल त्यात कुटुंबासह समाधान मानायचे. म्हणजे वेतन होते, पण ते बाजारभावाने नव्हते आणि सेवकाने स्वतः ठरवलेलेही नव्हते. कर्तव्य आणि पोट यांचा इतका नेटका मेळ मराठी सार्वजनिक जीवनात पुन्हा क्वचितच जमला.

गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेल्या पत्रात त्याचा पगारच मोजून दाखवला : महिन्याला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० च्या आसपास, आणि सरासरी हिंदी माणसाची मिळकत दिवसाला दोन आण्यांहून कमी. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने ठराव केला की खास तज्ज्ञ वगळता कोणाही सरकारी सेवकाला सामान्यतः ५०० रुपयांपेक्षा जास्त वेतन असू नये. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारने हाच आकडा मंत्र्यांना लावला. विधिमंडळात त्या विधेयकावर टीका करायला उभे राहिले ते आंबेडकर. मंत्र्याचा पगार ठरवताना त्याचे राहणीमान, त्याची पात्रता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता एवढे सगळे पाहावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यागाच्या त्या भरात ते लोकांच्या पचनी पडणे कठीणच होते. पण मुद्दा बिनतोड आहे. पाचशेत भागवणे ज्याच्या घरी शेती, वकिली किंवा गिरणी आहे त्याला जमते. ज्याला फक्त अक्कल आहे त्याला नाही.

इंग्लंडमध्ये हे कामगारांनी आधीच ओळखले होते. १८३८ च्या चार्टिस्टांच्या सहा मागण्यांत खासदारांना वेतन ही एक होती. ती मान्य व्हायला १९११ उजाडले, वर्षाला ४०० पौंड. त्याआधी १९०९ च्या ऑस्बर्न निकालाने कामगार संघटनांना आपल्या खासदारांचा खर्च उचलण्यास मनाई झाली होती, हे त्याचे तातडीचे कारण.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ ने खासदारांचे वेतन ठरवण्याचा अधिकार संसदेकडेच दिला. १९५४ च्या कायद्याने ते दरमहा ४०० रुपये आणि दैनिक भत्ता २१ रुपये झाले. १९७६ पासून निवृत्तिवेतनही आले. खरी गाठ इथे आहे. वेतन असावे की नसावे हा वाद आता कोणी मनापासून करत नाही. घेणाऱ्यानेच देणे ठरवावे का, हा आहे. अमेरिकेत प्रतिनिधींनी केलेली वाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू होते, पण ही घटनादुरुस्ती १७८९ मध्ये सुचवली जाऊन संमत झाली ती १९९२ मध्ये. ब्रिटनने २००९ मध्ये खासदारांच्या खर्चप्रकरणी नाचक्की झाल्यावर हे काम स्वतंत्र संस्थेकडे सोपवले. भारतात २०१८ साली वेतन एक लाख झाले आणि दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार वाढ होईल असे ठरले. त्यानुसार २०२५ च्या अधिसूचनेने ते १ एप्रिल २०२३ पासून १,२४,००० रुपये झाले. सभागृहात हात वर करून स्वतःला वाढ देण्याचा देखावा टळला, एवढे यश पदरात घ्यायला हरकत नाही. भत्ते, निवास, प्रवास यांचा हिशेब वेगळाच राहतो, आणि सामान्य माणसाचा राग बहुधा त्यावरच असतो.

खालच्या पायरीवर चित्र उलटे आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सरपंचांचे मानधन दुप्पट झाले : दोन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावात ३,००० वरून ६,०००, आठ हजारांपर्यंत ४,००० वरून ८,००० आणि त्यापुढे ५,००० वरून १०,००० रुपये. पंचायतीतील निम्मी पदे महिलांसाठी राखीव आहेत, आणि त्यांतल्या कित्येक जणी शेतमजुरी करणाऱ्या; पंचायत समितीच्या कचेरीत एक खेप म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या हिशेबाने छोट्या गावच्या सरपंचाचे महिन्याचे मानधन म्हणजे वीस दिवसांची मजुरी. दुप्पट होण्याआधी ते दहा दिवसांचे होते.