मुरे आणि बोटिया

नदीच्या तळाशी, वाळूत आणि गोट्यांच्या सांदीत राहणारे बोटाएवढे मिशाळ मासे. बाजारात त्यांना कोणी वेगळे विचारत नाही. बारीक मासळीच्या वाट्यात तेही जातात. शास्त्राच्या दप्तरात मात्र ते आपल्याच बोलींतल्या नावांनी नोंदले गेले आहेत.

सुरुवात बंगालकडे झाली. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर ग्रंथ लिहिला. या माशांना त्याने ‘कोबायटिस’ हे लिनियसचे नाव लावले आणि पुढे देशी शब्द जोडले: गुंतिया, पांगिया, बोटिया. १८३१ मध्ये ग्रे याने ‘बोटिया’ नावाची स्वतंत्र प्रजातीच उभी केली. गंमत अशी, की हॅमिल्टनचा ‘बोटिया’ आज त्या प्रजातीत नाही, त्या कुळातही नाही. ग्रेच्या बोटियांना डोळ्याखाली दुटोकी काटा असतो. एरवी तो कातडीत मिटलेला असतो. मासा हातात धरला, की ताठ उभा राहून टोचतो. हॅमिल्टनच्या माशाला असा काटाच नाही. शब्द एक, घराणी दोन!

दख्खनमध्ये माशांना देशी नावे देण्याचे हेच काम विल्यम साइक्स याने केले. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वर्णनांत एका माशाचे नाव आहे ‘कोबायटिस मूरेह’. हा आपला मुरे. वाळूत दडणारा म्हणून त्याचा संबंध ‘मुरणे’शी जोडायचा मोह होतो, पण नाद जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली असे नव्हे. साइक्सनंतर या माशाची प्रजाती बदलली, ‘कोबायटिस’ गळून पडले. ‘मूरेह’ तेवढे टिकले. नामकरणाचा नियमच तसा आहे: प्रजाती बदलली, तरी जातीचे जुने नाव सोबत जाते.

बोलीला असा नियम नाही. नदीतला वाळूउपसा वाढला, की तळ खरवडला जातो आणि या माशांचा थारा जातो. पश्चिम घाटातला पट्टेरी ‘बोटिया स्ट्रायाटा’ आज संकटग्रस्त यादीत आहे. मासा जाळ्यात यायचा थांबला, की त्याचे नावही तोंडी राहत नाही.

तेव्हा नदीकाठच्या भोयांना, कोळ्यांना या माशांची नावे विचारा आणि गाव, नदी यांसह लिहून ठेवा. साइक्सने नाव लिहून ठेवले, म्हणून ‘मुरे’ शास्त्रात उरला.