क्यूची बखर कोणी लिहिलीच नाही

लंडनमध्ये १६७४ साली ‘द कम्प्लीट गेम्स्टर’ नावाचे एक आटोपशीर पुस्तक निघाले. पत्ते, फासे, बुद्धिबळ, कोंबड्यांच्या झुंजी, असे सगळे शौक त्यात एकत्र नांदत होते. लेखकाने आपले नाव घातले नव्हते. पण ते चार्ल्स कॉटनचे, हे पुढे सगळ्यांनी मान्य केले. (याच कॉटनने दोन वर्षांनी आयझॅक वॉल्टनच्या मासेमारीवरच्या गाजलेल्या पुस्तकाला दुसरा भाग जोडला. माणूस एकूण फुरसतीचा.) बिलियर्ड्स कसे खेळायचे हे इंग्रजीत पहिल्यांदा छापून आले ते या पुस्तकात. टेबलावरची हस्तिदंती कमान, ‘किंग’ नावाची खुंटी, कापड कसे हवे, हे सांगता सांगता कॉटन खेळायच्या काठीबद्दलही सांगून जातो: लाकूड वजनदार हवे, ब्राझील किंवा लिग्नम व्हायटीसारखे, आणि रुंद टोकाला हस्तिदंत बसवलेले.

बिलियर्ड्सची जुनी पुस्तके जमवणाऱ्या मंडळींना हा उल्लेख अप्रूपाचा वाटतो, आणि ते रास्तच आहे. पुढच्या तीन शतकांत या खेळावर पुस्तकांचा ढीग पडला. फटके, कोन, आकृत्या, नियम, नामवंतांच्या आठवणी, सगळे आले. काठी बनते कशी, हे सांगणारे पान मात्र हाताच्या बोटांवर मोजावे इतके विरळ.

कॉटनच्या वेळची काठी आजच्या क्यूसारखी नव्हती. तिला ‘मेस’ म्हणत. लांब दांडा आणि पुढे चपटा, जड ठोकळा. चेंडू टोलवायचा नाही, ढकलायचा. आंत्वान त्रूवँने १६९४ मध्ये कोरलेल्या चित्रात चौदाव्या लुईच्या दरबारातली मंडळी अशाच काठ्या घेऊन टेबलाभोवती उभी आहेत. चेंडू कडेच्या फळीला चिकटला की ठोकळ्याची अडचण व्हायची. मग खेळणारे मेस उलटी धरून तिच्या शेपटाकडच्या बारीक टोकाने मारू लागले. त्या शेपटाचाच पुढे क्यू झाला.

केवळ बिलियर्ड्सला वाहिलेले इंग्रजीतले पहिले पुस्तक म्हणून ई. व्हाइट यांच्या १८०७ मधल्या ग्रंथाचे नाव घेतले जाते. साधारण त्याच सुमारास फ्रान्समध्ये फ्रांस्वा मिंगो याने क्यूच्या टोकाला चामड्याची चकती लावली आणि खेळाचा नूर पालटला. चामडे चेंडूला पकडते. त्यामुळे चेंडू मागे खेचता येतो, बाजूने फिरवता येतो. मिंगो राजकीय कैदी होता, तुरुंगातल्या टेबलावर त्याने हा शोध लावला आणि सराव पुरा व्हावा म्हणून शिक्षा वाढवून मागितली, अशी गोष्ट पुस्तकापुस्तकांतून चालत आलेली आहे. काहींनी तर हा तुरुंग म्हणजे बास्तीय असे ठोकून दिले. बास्तीय १७८९ च्या जुलैत पडला आणि लगोलग पाडूनही टाकला गेला, एवढे तारखांचे गणित करायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. एकाच्या पुस्तकातली चूक दुसऱ्याने उचलायची, हा या वाङ्मयाचा जुना रोग. म्हणून एकाच विषयावरची दहा पुस्तके शेजारी शेजारी लावण्यात अर्थ असतो: कोणी कोणाचे उतरवले ते लगेच उघडे पडते.

मिंगोचे स्वतःचे पुस्तक पॅरिसमध्ये १८२७ साली आले, भरपूर आकृत्यांसह. तीन वर्षांनी ते इंग्रजीत काढले जॉन थर्स्टनने. थर्स्टन हा लेखक नव्हे, प्राध्यापक तर नव्हेच. तो टेबले बनवणारा. १७९९ पासून त्याची पेढी लंडनमध्ये होती आणि टेबलाला लाकडी फळ्यांऐवजी पाटीच्या दगडाचा तळ व कडेला रबर आणण्यात तिचा मोठा हात होता. नवे फटके शिकवणारे पुस्तक हातात पडले की गिऱ्हाइकाला नवे टेबल हवेसे वाटणार, हे त्याला कळत नसेल असे मानायचे कारण नाही.

अमेरिकेतही तेच. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मायकल फेलनने १८५० मध्ये ‘बिलियर्ड्स विदाउट अ मास्टर’ लिहिले. या खेळावरचे ते पहिले अमेरिकी पुस्तक समजले जाते. फेलन उत्तम खेळाडू होता, शिवाय टेबलांचा कारखानदार. हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलर देऊ, अशी जाहिरात १८६३ मध्ये निघाली ती त्याच्याच पेढीची, आणि त्यातूनच जॉन वेस्ली हायट सेल्युलॉइडपर्यंत पोचला. इंग्लंडात ‘कॅप्टन क्रॉली’ या नावाने बिलियर्ड्सवर लिहिणारा जॉर्ज फ्रेडरिक पार्डन हा कॅप्टन वगैरे कोणी नव्हता. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये बिलियर्ड्सवर लोकांना लुबाडणारा एक क्रॉली आहे, त्याचे नाव याने खुशाल उचलले. सभ्य वाचकाला खेळ शिकवायला लफंग्याचे नाव घ्यावे, ही विनोदबुद्धी दाद देण्याजोगी आहे.

खेळाडूंची पुस्तके वेगळ्याच कारणासाठी वाचावीत. ब्रायटनचा एडविन केंटफील्ड आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ मानला जाई. १८३९ मध्ये त्याने मोठ्या आकाराचा ग्रंथ काढला. दहा वर्षांनी जॉन रॉबर्ट्सने आव्हान दिले तेव्हा केंटफील्ड मैदानात उतरलाच नाही आणि किताब न खेळता रॉबर्ट्सकडे गेला. मग १८६९ मध्ये रॉबर्ट्सचेही पुस्तक आले. दोन्ही समोर ठेवली की एका पिढीचा खेळ दुसरीने कसा मोडीत काढला ते दिसते.

गणित्यांनाही हे टेबल सुटले नाही. फिरत्या पृथ्वीवरच्या वाऱ्यांच्या संदर्भात शाळेत ज्याचे नाव येते त्या गास्पार कोरिऑलिसने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या चेंडूच्या गतीवर अख्खा ग्रंथ लिहिला. चेंडूला फिरकी किती, क्यू कोणत्या उंचीवर लागला तर चेंडू न घसरता गडगडेल, सगळे समीकरणांत मांडलेले. पण कोरिऑलिसच्या समीकरणांतला क्यू म्हणजे दिशा आणि जोर. तो लाकडाचा असतो याच्याशी गणिताला कर्तव्य नव्हते.

आणखी एक जोडगोळी सांगण्यासारखी आहे. १९०४ मध्ये जे. पी. मॅनॉक यांचा ‘बिलियर्ड्स एक्सपाउंडेड’ हा ग्रंथ आला. लेखनाला मदत होती सॅम मुसाबिनीची. बिलियर्ड्सवर लिहिणारा, सामन्यांत पंचगिरी करणारा हा माणूस नंतर धावपटूंचा प्रशिक्षक झाला आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकणाऱ्या हॅरल्ड अब्राहम्सला त्यानेच तयार केले. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ पाहिलेल्यांना स्टेडियमबाहेरच्या खोलीत बसून राहिलेला म्हातारा आठवेल. तोच हा.

एवढे सगळे लिहिणारे असताना क्यू करणारे कारागीर गप्प का? एक तर लेखणी त्यांच्या हातात नव्हती. दुसरे, विद्या पुस्तकात गेली की शेजारच्या कारखान्यात जाणार. तिसरे कारण जास्त खरे वाटते: ती शब्दांत सांगायची विद्याच नव्हती. हाताने जोड घातलेला जुना इंग्लिश क्यू उजेडात धरला की ते पटते. पुढचा दांडा अ‍ॅशचा किंवा मेपलचा. त्याच्या मागच्या टोकाला रंध्याने चार बाजूंनी उतार देत पाचरीसारखे निमुळते करायचे. मग आबनुसाच्या पट्ट्या त्या उतारांवर सरसाने चिकटवायच्या. आधी समोरासमोरच्या दोन, त्या वाळल्या की रंधून पुन्हा सपाटी करायची आणि उरलेल्या दोन. शेवटी सगळे चौकोनी लाकूड आठ कोनी, सोळा कोनी करत गोल आणायचे. गोलाई आली की काळे आबनूस पांढऱ्या लाकडात जिभेसारख्या टोकांनी शिरलेले दिसते. चार जिभा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. यंत्रावर करवतीने कापून एकमेकांत घुसवलेल्या जोडाची टोके मात्र अणकुचीदार आणि एका मापाची येतात. जाणकार पहिली नजर तिथेच टाकतो. त्यानंतर अ‍ॅशच्या अंगावरचे बाण पाहायचे, म्हणजे लाकडाच्या रेषा दांड्यावर जी टोकदार नक्षी काढतात ती. ते सरळ एका ओळीत चालले असतील तर लाकूड नीट निवडून कापलेले.

मग हा इतिहास हुडकायचा कुठे? जे पुस्तक म्हणून छापलेच नव्हते त्यात. थर्स्टन, बरोज अँड वॉट्स, ॲक्रिंग्टनचे रायली, लिव्हरपूलचे पेराडन यांच्या किंमतपत्रिका, सूचिपत्रे, मासिकांच्या मलपृष्ठांवरच्या जाहिराती. कोणता क्यू कोणत्या साली बाजारात होता, बुडाला कोणते लाकूड, किती शिलिंगला, हे तिथे मिळते. नव्या वर्षाची पत्रिका आली की जुनी चुलीत जायची. म्हणून मोठाल्या चामडी बांधणीच्या ग्रंथापेक्षा असे चोपडे हाती लागणे कठीण.

वाचायची आणखी एक जागा म्हणजे खुद्द क्यूच. इंग्लिश क्यूच्या बुडाशी एक बाजू तासून सपाट केलेली असते आणि तिच्यावर बनवणाऱ्याची किंवा नामवंत खेळाडूची पट्टी बसवलेली असते. टॉम रीसने १९०७ मध्ये दोन चेंडू कोपऱ्यातल्या खिशाच्या तोंडाशी अडकवून आठवडेच्या आठवडे एकच फटका मारत ४,९९,१३५ गुणांची न संपलेली खेळी केली. ती अधिकृत विक्रम म्हणून मानली गेली नाही, त्या फटक्यावर बंदी आली, पण विक्रेत्यांनी तो आकडा पट्टीवर कोरून क्यू खपवले. अशी पट्टी काढून दुसऱ्या क्यूवर ठोकायला पाच मिनिटे पुरतात. पट्टीवर भरवसा ठेवायचा तर जोड, लाकूड आणि सूचिपत्र तिन्हींची साक्ष जुळायला हवी.

व्यवसायातल्या माणसाने शेवटी हे काम अंगावर घेतले ते लिव्हरपूलच्या नॉर्मन क्लेअर यांनी. त्यांच्या घरच्या पेढीकडे थर्स्टनचा जुना व्यवसाय आला होता, आणि त्याबरोबर जुन्या वस्तूंचे भांडारही. १९८५ मध्ये त्यांनी या वस्तूंवर शायर प्रकाशनासाठी एक चिमुकले सचित्र पुस्तक लिहिले. पाने थोडी, पण प्रत्येक वस्तू हाताळलेल्या माणसाने लिहिलेली.

नियतकालिकांशिवाय अशा पुस्तकसंग्रहाचे चालत नाही, याचा सर्वात ठळक दाखला आपल्या देशातला आहे. स्नूकर हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने रंगीत चेंडूंची भर घालून सुरू केला आणि १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लावले गेले. (हा चेंबरलेन ब्रिटनचा पंतप्रधान नव्हे.) पण ही हकिकत कित्येक वर्षे पक्क्या स्वरूपात कुठे छापलीच गेली नव्हती, खेळाचा उगम वुलिचच्या लष्करी अकादमीत झाला असेही सांगत. १९३८ मध्ये वृद्ध चेंबरलेनने ‘द फील्ड’ साप्ताहिकाला पत्र लिहून आपला दावा मांडला, आणि पुढच्या वर्षी कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झीने ‘द बिलियर्ड प्लेअर’ मासिकात त्याला दुजोरा दिला. एका खेळाची जन्मपत्रिका अशी साप्ताहिकाच्या पत्रव्यवहारात सापडते. याच देशाने पुढे पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स दिला. १९५८ मध्ये कलकत्त्यात आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये तो हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. मग मुंबईचा मायकेल फरेरा, १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या बिलियर्ड्स दालनाला जोन्सचे नाव आहे.

क्यू हाच विषय धरून पुस्तके निघाली ती मुख्यत्वे अमेरिकेत आणि तीही विसाव्या शतकाच्या अखेरीस. निमित्त बरेचसे बाजाराचे. रशियात जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये लाकूडकाम करणारा जॉर्ज बालाबुश्का १९५९ पासून क्यू करू लागला. पहिले त्याने नाताळची भेट म्हणून मित्रांना वाटले. १९७५ मध्ये तो वारला. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ चित्रपटात पॉल न्यूमन टॉम क्रूझला ‘बालाबुश्का’ देतो तेव्हा हे नाव घरोघरी पोचले. पडद्यावरचा क्यू खरा बालाबुश्का नव्हताच, तो जॉस कंपनीचा होता. पण नाव झाले, भाव वाढले, त्यापाठोपाठ नकला आल्या, आणि खरे-खोटे ठरवायला छापील आधार लागू लागला. १९९६ मध्ये ‘ब्लू बुक ऑफ पूल क्यूज’ आले, किमतींसह. व्हिक्टर स्टाइन आणि पॉल रुबिनो यांचा ‘बिलियर्ड एन्सायक्लोपीडिया’ हा देखणा ग्रंथही याच दशकातला. क्यू आणि क्यू करणारे यांना त्यात भरपूर जागा आहे. माइक शॅमॉस यांचा सचित्र कोश १९९३ चा. शॅमॉस मुळात संगणकशास्त्रातले, संगणकीय भूमितीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. त्यांची शब्दनोंद प्रबंधाइतकीच चोख असते.

आणि ज्याची इतकी वर्षे वाट पाहिली ते, लेथ कसा लावायचा, लाकूड किती मुरू द्यायचे, जोड कसा बसवायचा हे सांगणारे पुस्तक? तेही आले. क्रिस हायटॉवर या कारागिराच्या ‘द क्यू बिल्डिंग बुक’मध्ये ही सगळी कृती पायरीपायरीने आहे.

कारागीर आणि संग्राहक यांच्यात मात्र एक नवी रस्सीखेच उभी राहिली. ब्रन्सविक कंपनीचा ‘टायटलिस्ट’ हा एकसंध क्यू एके काळी सार्वजनिक पूल हॉलच्या भिंतीवर रांगेने लावलेला असे. कोणीही उचलावा आणि खेळावे. त्याच्या बुडाचा जोड इतका उत्तम की बालाबुश्काने आपले कित्येक क्यू टायटलिस्ट मधोमध कापूनच बनवले. आजही काही कारागीर जुने टायटलिस्ट शोधत असतात, कापण्यासाठी. जुन्या पूल हॉलचे सामान जपणारे संग्राहक तेच क्यू न कापलेले मिळावेत म्हणून धडपडतात. आणि हातातला क्यू कोणत्या सालचा, हे ठरवायला दोघेही ब्रन्सविकच्या जुन्या सूचिपत्रांची पुनर्मुद्रणे उघडून बसतात.